टोपलीतून वर गेलेली वही

आमोदने स्कूटर मागे घेतली आणि एक पोर्तुगीज शिक्षिका मेथीच्या जुड्यांत जाऊन बसली.

दोष सगळा आमोदचाच. रविवारची सकाळ, शुक्रवार पेठ, बदामी हौदाजवळची गल्ली. आत्याकडे आठवड्याचं सामान पोचवायला निघालेला हा गृहस्थ मध्येच कोथिंबिरीसाठी थांबला, पुन्हा स्कूटरवर बसला, आरशात स्वतःचा भांग नीट आहे ना ते बघितलं, आणि मागे कोण आहे ते बघायचं राहून गेलं. त्याची जुनी स्कूटर सुरू झाली की अर्ध्या पेठेला कळायचं. ही नवी विजेवरची इतकी गुपचूप चालते की चालवणाऱ्यालाही धडकल्यावरच कळतं. बाईंचीही थोडी गंमत होती म्हणा. त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहून पायाखालच्या गटाराच्या झाकणाकडे बघत होत्या. पुण्यात रस्त्यावर माणूस समोर बघतो, मागे बघतो, सिग्नल हिरवा असेल तर दोन्हीकडे जरा जास्तच बघतो. पण झाकणाकडे इतक्या मायेने कुणी बघत नाही.

"आधी बाई उचला, मेथीचं मग बघू," भाजीवाली म्हणाली. आणि बाई उचलून झाल्यावर, "आता ही बसलेली मेथी कोण घेणार?"

ती आमोदने घेतली. चार जुड्या हातात धरून तो इंग्रजीत माफी मागत राहिला. बाई हसून 'काही नाही, काही नाही' म्हणत उठल्या, एक पाऊल टाकलं आणि त्याच भाजीवालीच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. उजवा घोटा बघता बघता फुगला.

नाव इनेस. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात कॅमेरा, काखेत एक जाड वही. पोर्तुगालमध्ये एव्होरा नावाच्या गावात इतिहास शिकवतात. शाळेच्या सुट्टीत भारत बघायला आल्या होत्या आणि पुण्याचा एकच दिवस हाताशी होता. त्या दिवसात माणसं शनिवारवाडा बघतात, तुळशीबागेत पिशव्या भरतात आणि परत जातात. बाईंनी शनिवारवाडा पाऊण तासात उरकला होता. त्यांना बघायचं होतं ते शनिवारवाड्यात येणारं पाणी. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून शहरात दगडी नळ आणला होता, त्याच्या खुणा शोधत त्या सकाळपासून हिंडत होत्या. त्यांच्या गावातही जुना जलमार्ग आहे, म्हणून ही आवड.

आमोद अपराधाने इतका विरघळला होता की बाईंना काहीतरी देऊ केल्याशिवाय त्याला चैन पडेना. तो म्हणाला, "तो नळ ना? त्याचा एक उच्छ्वास आमच्या आत्याच्या सोसायटीच्या मागेच आहे की!"

आणि हे वाक्य तोंडातून सुटल्यावर त्याच्या लक्षात आलं, की स्कूटरची धडक ही आजची लहान चूक होती.

उच्छ्वास म्हणजे नळाला श्वास घ्यायला जमिनीवर काढलेलं दगडी बांधकाम. पुरुषभर उंच, चौकोनी, चुन्यात बांधलेलं. स्नेहवर्धन सोसायटीच्या मागच्या बोळात असा एक उभा होता. पन्नास वर्षं त्यावर फडकी वाळत घातली जात होती आणि कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी सोसायटीचा पुनर्विकास ठरला. चौदा बिऱ्हाडं, चौदा सह्या, पाडून सात मजले. आणि त्याच सुमारास दोन गल्ल्या सोडून एका सोसायटीच्या अंगणात जुना हौद निघाला, त्याचा फोटो पेपरात आला, मग पाहणी झाली, मग समिती झाली, मग समितीवर समिती झाली. ती माणसं अजून भाड्याच्या घरात आहेत. तेव्हापासून स्नेहवर्धनमध्ये एक ठराव एकमताने पास झाला होता: मागच्या दगडाबद्दल कुणीही कुणाशीही बोलायचं नाही. हा ठराव इतिवृत्तात नाही. सेक्रेटरीने तो लिहूनच घेतला नाही.

सेक्रेटरी म्हणजे आमोदची आत्या, पद्मजा खासनीस.

पद्मजाआत्याने चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. तिची ओळख एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द आहे 'कशावरून'. मुलीने उभं राहून उत्तर दिलं, बरोबर दिलं, तरी बाई विचारायच्या, "कशावरून?" मुलगी म्हणायची, "पुस्तकात आहे." "पुस्तकाला कुणी सांगितलं?" तिथून पुढे तास कुठे जायचा हे कुणालाच माहीत नसायचं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण सवय गेली नाही, फक्त वर्ग मोठा झाला. दूधवाला म्हणतो म्हैस, कशावरून? डॉक्टर म्हणाले गुडघ्यांची झीज झाली, कशावरून? डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, तर तिने कोपऱ्यातलं नाव वाचून तो आपलाच आहे ना याची आधी खात्री केली. बिल्डर चहाला आला तेव्हा त्याला तिने त्याच्या जुन्या पाच इमारतींची यादी लिहून द्यायला लावली आणि आमोदला घेऊन रिक्षाने पाचही ठिकाणी गेली. लोकांच्या बाथरूममधल्या भिंती तिने बोटाने वाजवून बघितल्या. चौदातली शेवटची सही तिची होती. पण एकदा सही केल्यावर तिच्याइतकं पक्कं कुणी नव्हतं.

कारण गुडघे. आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. गेल्या दिवाळीच्या आधी गुडघा इतका धरला, की तपासणीसाठी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. "सावकाश हं", "डावीकडून घ्या", "बाईंचा पदर सांभाळा". कपाट हलवताना करतात तशा सूचना. आत्या खुर्चीत ताठ बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्या दिवसानंतर ती खाली उतरायचंच टाळायला लागली. खालचं जग तिच्याकडे गॅलरीतून सोडलेल्या टोपलीतून वर यायचं: पेपर, भाजी, औषधं. कुरियरवाल्याचं ओळखपत्र आधी टोपलीतून वर जायचं, मग सही खाली यायची. नव्या इमारतीच्या नकाशात लिफ्टचा छोटा चौकोन होता. तो तिने पेन्सिलने दोनदा गिरवून ठेवला होता. लिफ्ट म्हणजे कुणाच्याही हाताशिवाय खाली उतरणं, एवढाच तिचा हिशोब.

आणि आता आमोद, हातात चार जुड्या मेथी आणि खांद्यावर एक इतिहासाची शिक्षिका घेऊन, सोसायटीच्या फाटकातून आत येत होता. दुसरं करणार काय? बाईंना टेकायला जागा हवी होती आणि तीस पावलांवर हीच होती. आत्याही इतिहासच शिकवायची, हेही त्याने तेवढ्या वाटेत सांगून टाकलं होतं.

अंगणात खुर्ची टाकेपर्यंत वरून आवाज आला.

"आमोद, कोण रे त्या?"

"पाहुण्या आहेत, आत्या. पायाला लागलंय."

"कुणी लावलं?"

"...मी."

"ते दिसतंच आहे. कुठल्या?"

"पोर्तुगालच्या."

"वसई गेली, आता शुक्रवार पेठ बघायला आल्या वाटतं? करतात काय?"

"शिक्षिका आहेत. इतिहासाच्या."

"कशावरून?"

आमोदने सुस्कारा सोडला. वरून दोरी सुटली आणि निळी टोपली डुलत डुलत खाली आली. "पासपोर्ट ठेवायला सांग."

इनेसबाईंनी पिशवी छातीशी धरली. परदेशात पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नये, हे त्यांना निघताना दहा जणांनी बजावलं होतं. दोरीला बांधलेल्या टोपलीचा उल्लेख कुणी केला नव्हता, पण भावार्थ तोच असावा असं त्यांना वाटलं. शेवटी त्यांनी शाळेचं ओळखपत्र ठेवलं. टोपली वर गेली. गॅलरीत भिंग निघालं.

"फोटोत केस लांब आहेत."

"कापले असतील, आत्या!"

"असतील."

पाच मिनिटांनी टोपली खाली आली, तेव्हा तिच्यात ओळखपत्र होतं, क्रेप बँडेज होतं, दुखऱ्या पायाचं मलम होतं आणि कागदात बांधलेल्या दोन आलेपाकाच्या वड्या होत्या. आत्याचा संशय आणि आत्याचा पाहुणचार एकाच दोरीने खाली येतात. एकामुळे दुसऱ्यात काही कमी पडत नाही.

जिने झाडणाऱ्या वेणूबाई हात पुसत पुढे आल्या आणि बँडेज बांधायला बसल्या. त्या मांजरीहून बसने येतात आणि त्यांना कुठल्याच ठरावाची कल्पना देण्याचं कुणाला सुचलं नव्हतं. बँडेजचा दुसरा वेढा चालू असताना इनेसबाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या बोळात गेली. त्या एका पायावर उभ्याच राहिल्या आणि बोट दाखवून काहीतरी विचारू लागल्या. भाषा कळली नाही तरी बोट कळतं.

"त्यो व्हय? त्यो पेशव्याचा..."

"वेणूबाई!" तळमजल्याच्या दारातून रंगराव गरजले. "दुसऱ्या जिन्याला पाणी मारायचं राहिलंय!"

रंगराव ढमढेरे सोसायटीचे चेअरमन. बनियनवर घाईने शर्ट चढवत ते बाहेर आले, पाहुण्यांना नमस्कार केला आणि आमोदला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"कुठल्या खात्याच्या?"

"खात्याच्या नाहीत हो काका. शिक्षिका आहेत."

"असंच सांगतात. त्या हौदवाल्यांकडे पण एक मुलगी आली होती, झोळी घेऊन. कविता करते म्हणाली. तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो! आणि हिच्या गळ्यात तर कॅमेराच आहे." त्यांनी इनेसबाईंच्या बुटांकडे बघितलं. "बूट बघ. साइटवर घालतात तसले."

"चालायचे बूट आहेत ते."

"एवढं चालायचं कशाला? शिक्षक कुठे एवढे चालतात?"

इकडे बाई लंगडत लंगडत बोळाच्या तोंडाशी पोचल्याही होत्या. दगडावर तळवा ठेवून उभ्या होत्या. रंगराव घाईने पुढे झाले आणि वर बघून हातांनी खुणा करू लागले: बोला, काहीतरी बोला! इंग्रजी बोलण्याची जबाबदारी सोसायटीत सेक्रेटरीकडे असते.

आत्याचं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकासारखं आहे. सावकाश, पूर्ण वाक्यांत, शेवटी पूर्णविराम ऐकू येतो. ती कठड्याशी आली आणि म्हणाली, "ते ड्रेनेजचं बांधकाम आहे. इमारतीबरोबर बांधलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली."

इनेसबाईंनी मान वर केली. "पण मॅडम, हा चुना दिसतो. आपल्याला हे कशावरून माहीत?"

चौतीस वर्षं हा प्रश्न वरून खाली गेला होता. खालून वर तो पहिल्यांदाच चालला होता.

आत्याने कठडा धरला. "मी राहते इथे," ती म्हणाली. आणि मग, "मी बांधताना पाहिलं आहे."

आमोदने मेथीत तोंड घातलं. आत्या लग्न होऊन या घरात आली एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला. चौऱ्याहत्तरात ती साताऱ्याला, माहेरी होती.

इनेसबाई मात्र थोडा वेळ दगडाकडे, थोडा वेळ वर बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा पडला. मग लगेच उजळला. त्या खुर्चीवर येऊन बसल्या, वही उघडली आणि लिहायला लागल्या. रंगरावांनी आमोदला कोपराने ढोसलं. "काय लिहिते?"

आमोदने विचारलं. बाई उत्साहाने सांगू लागल्या. त्यांच्या वर्गात सत्तावीस मुलं आहेत, तेरा वर्षांची. सुट्टीवरून गेल्या की पहिला तास त्या वहीतून घेतात. या वेळी उच्छ्वास सापडला असता तर त्याचं चित्र काढून दाखवायचं होतं. पण आज त्याहून चांगला धडा मिळाला. त्या मुलांना सांगणार: दगड जुना दिसला आणि स्कूटरवाल्याने सांगितलं, एवढ्यावर मी त्याला जुना मानणार होते. तुमची बाईसुद्धा चुकणार होती. पण पुण्यातल्या एका इतिहासाच्या शिक्षिकेने, जिने स्वतः पाहिलं होतं, मला वाचवलं. "मॅडमचं नाव सांगाल का? धड्यात घालते."

"हे छान झालं," रंगराव मराठीत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा सात मजले उभे राहिले. "चहा टाकायला सांगू?"

आमोदने वर बघितलं, आत्या कठड्यावर वाकून खालच्या वहीकडे बघत होती. ही नजर त्याला लहानपणापासून माहीत होती. ती तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. बाई सांगतात एक आणि वहीत लिहितात दुसरंच, असं तिला वाटत असणार.

"वही टोपलीत ठेवायला सांग."

इनेसबाईंनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. उलट हसल्या. "मॅडम तपासणार?" वही त्यांनी दोन्ही हातांनी टोपलीत ठेवली. टोपली वर गेली.

रंगरावांचा चहा आला. इनेसबाईंनी तो दोन्ही हातांत धरून प्यायला आणि वेणूबाईंनी त्यांना वडी खायची खूण केली. शेवटी वरून हाक आली, "आमोद, वर ये." तो दोन दोन पायऱ्या चढत गेला.

आत्या जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसली होती. चष्मा नाकावर, भिंग बाजूला.

"ही बाई खरंच शिक्षिका आहे," ती म्हणाली.

"कशावरून?" आमोदला राहवलं नाही.

आत्याने वही त्याच्याकडे फिरवली. वहीत पट्टीने आखलेले दोन रकाने होते. एकात ऐकलेलं, दुसऱ्यात पडताळलेलं. इंग्रजीत, मुलांना फळ्यावरून उतरवता यावं अशा अक्षरात. रिक्षावाल्याने सांगितलं, या हौदात हत्ती आंघोळ करायचे: पुरावा नाही. पानवाल्याने सांगितलं, इथून भुयार थेट सिंहगडावर जातं: पुरावा नाही, पण फार आत्मविश्वास. हॉटेलच्या माणसाने सांगितलं, हा चौक पाचशे वर्षं जुना: दोन वेगळ्या तारखा मिळाल्या, अनिर्णित. सबंध सकाळची तीन पानं होती. दुसऱ्या रकान्यात बरोबरची खूण फक्त एक होती. आणि ती होती ड्रेनेजसमोर. पुढे कंसात: प्रत्यक्षदर्शी शिक्षिका, पूर्ण विश्वासार्ह.

आमोद हसायला गेला, पण आत्याकडे बघून त्याने हसू गिळलं.

"मग आता?"

"मग काय? वही परत करायची."

तिने वही टोपलीत ठेवली, गॅलरीत जाऊन दोरी सोडली. टोपली तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आली आणि थांबली. खालून रंगराव म्हणाले, "सोडा, सोडा, बाई, मी धरतो!" टोपली तशीच लोंबकळत राहिली, हळूहळू स्वतःभोवती फिरत. मग ती पुन्हा वर जायला लागली.

आत्याने टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं. चौदा वर्षांनी ते उमटेल का नाही, म्हणून आधी पेपरच्या समासात गिरवून बघितलं. उमटलं. बरोबरची खूण तिने एका रेघेने खोडली, सबंध परिच्छेदावर तिरकी रेघ मारली, समासात इंग्रजीत लिहिलं, 'चूक. थांबा. मी खाली येते.' खाली सही, तारीख. वही टोपलीतून गेली आणि आत्याने कोपऱ्यातली काठी घेतली.

"आत्या, खुर्ची आणू? चौघांना बोलावतो."

तिने फक्त बघितलं. आमोदने खुर्चीचा विषय सोडून दिला.

ती आडवी उतरते. कठडा धरून, आधी दुखरा पाय, मग दुसरा, मग श्वास. आमोद एक पायरी पुढे उलटा उतरत होता, हात पुढे करून, पण हात लावायची त्याची छाती होत नव्हती. पहिल्या मजल्यावर दार उघडलं. "अहो बाई, तुम्ही? काय झालं?" "काही नाही. वही तपासायची आहे," आत्या म्हणाली.

खाली रंगरावांनी वहीतली तिरकी लाल रेघ बघितली होती आणि त्यांचं तोंड चहाच्या कपाएवढं उघडं होतं. "बाई, हे काय करताय? थोड्या वेळात ती जाईल निघून! गप्प बसायचं फक्त!"

आत्या त्यांच्या बाजूने पुढे बोळात गेली. दगडावरची तीन ओली फडकी एकेक करून काढून वेणूबाईंच्या हातात दिली आणि इनेसबाईंना म्हणाली, "मघाशी मी खोटं सांगितलं. हा उच्छ्वास आहे. इमारत याच्या नंतरची. मी स्वतः तर इमारतीच्याही नंतरची." मग तिने काठीच्या टोकाने सांधे दाखवले, चुना कुठला आणि मागून थापलेलं सिमेंट कुठलं ते दाखवलं, खालची बुजवलेली फट दाखवली, पाणी कात्रजकडून कोणत्या दिशेने यायचं आणि गाळ कसा खाली बसायचा ते सांगितलं. "हे तुम्ही पाहिलंत. बाकी मी वाचलेलं आहे, ते पहिल्या रकान्यात लिहा."

इनेसबाई भराभर लिहीत होत्या, मध्येच दगडावर हात फिरवत होत्या. त्यांनी विचारलं, "पण मॅडम, मग मघाशी तसं का सांगितलंत?"

"लिफ्टसाठी," आत्या म्हणाली, आणि व्याकरणशुद्ध चार वाक्यांत तिने सगळं सांगितलं: गुडघे, पुनर्विकास, दोन गल्ल्या पलीकडचा हौद, समित्या. खुर्चीचं सांगितलं नाही.

बाई म्हणाल्या, आमच्या एव्होरात जलमार्गाच्या कमानींमध्येच लोकांनी घरं बांधली आहेत. कमान तशीच, दोन खांबांमध्ये दार, खिडकी, कुंड्या. लिफ्टचं मात्र मला सांगता येणार नाही, ती घरं बुटकी आहेत.

"काय म्हणते?" रंगरावांनी विचारलं.

"त्यांच्याकडे असल्या बांधकामात लोक राहतात म्हणे."

"तिथे राहू दे! इथे पार्किंग कुठे काढायचं?"

इनेसबाईंनी कॅमेरा पुढे केला. फोटो पुसून टाकते, मला चालेल, असं त्या म्हणाल्या. रंगरावांनी हे इंग्रजी मात्र दुभाष्याशिवाय ओळखलं आणि जोरजोरात मान हलवली.

"पुसू नका," आत्या म्हणाली. "वर्गात काय दाखवणार मग?"

"अहो, निदान नेटवर टाकू नकोस म्हणावं तिला!"

आत्याने तेवढं सांगितलं. बाईंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

"शब्द दिला म्हणजे? कशावरून पाळेल?" रंगराव म्हणाले, आणि आपण कुणापुढे काय बोललो हे लक्षात येऊन कप उचलायला वाकले. "उद्या संध्याकाळी मीटिंग लावतो. बिल्डरलाही बोलावतो. आता लपवून चालायचं नाही. तेरा घरांना तुम्हीच सांगायचं, बाई. मी सांगणार नाही."

"मीच सांगणार आहे. सूचना काढा. सात वाजता, माझ्या घरी नको, तुमच्याकडे. मी उतरेन."

आमोदने रिक्षा आणली. इनेसबाई जाताना आत्याचा हात बराच वेळ धरून उभ्या होत्या. दोघी एकमेकींकडे पाय न हलवता झुकल्या होत्या, कारण एकीचा घोटा आणि दुसरीचा गुडघा. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठून आल्यात या?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांना हत्तींची गोष्ट सांगायला सुरुवात केली. रिक्षा वळेपर्यंत बाईंची वही उघडलेली दिसत होती.

मग आत्या जिन्याकडे वळली. उतरणं परवडलं, चढणं वाईट. पहिल्या मजल्याला सात मिनिटं लागली. दुसऱ्याच्या मध्यावर ती थांबली, कठड्यावर कपाळ टेकून. आमोद एक पायरी मागे उभा होता, एका हातात काठी, दुसऱ्यात मेथी. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की तो बडबडतो.

"आत्या, आता बिल्डर हात झटकून मोकळा झाला तर गं? मीटिंगमध्ये सगळे तुलाच धरतील. लिफ्ट गेलीच समज. एवढंसं तर होतं, नुसती वही खाली सोडायची होती. एकदा थाप मारलीच होतीस, मग मध्येच काय झालं तुला?"

आत्याने कपाळ उचललं, पुढच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे न बघता म्हणाली, "थाप एका बाईला मारली होती रे, सत्तावीस पोरांना नाही."